रांगेतला पाचवा

शिक्रापूरला हायवेच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले. वडील कंपनीत होते. घरमालकाच्या अटी दोनच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि कुत्रं पाळायचं नाही. खिळ्यावाचून माझं कधी काही अडलं नाही. कुत्र्यासाठी मात्र मी पंचवीस वर्षं झुरले. लग्न होऊन दौंडकडच्या राहू गावाजवळ, आमच्या आताच्या गावी आले, आणि दीड वर्षानं माहेरी गेले असताना पार्किंगमध्ये एका ट्रकच्या चाकाला टेकून झोपलेलं तपकिरी पिल्लू दिसलं. कुणालाही न विचारता मी ते पिशवीत घातलं. परतीच्या वाटेवर नवऱ्यानं एकदाच विचारलं, "आबांना काय सांगणार?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा, तुमचे वडील आहेत."

त्या पिल्लाचा आता चांगला दांडगा कुत्रा झालाय. त्याला नाव आहे, पण इथं लिहिताना घरातल्या कुणाचंच नाव घालायचं नाही असं मी ठरवलंय, आणि एकट्या कुत्र्याचं घातलं तर आमचे मामा महिनाभर बोलायचे नाहीत. मामा म्हणजे माझे सासरे. उभी हयात त्यांनी दौंडला रेल्वेच्या रुळांवर काढली, रिटायर झाल्यावर गावी आले आणि चार जर्सी गायी घेतल्या. नोकरी संपली पण ड्युटी संपली नाही. पहाटे पाचला बोअरची मोटार चालू होते म्हणजे होतेच. चारही गायी ओळीनं उभ्या, मामांच्या एका हातात पाइप, दुसऱ्या हातात ब्रश. घरात कुणाला ताप असो नाहीतर पाहुणे असोत, गायींची आंघोळ लेट होत नाही.

गेल्या साली उसाला कोयता लागला, थंडी पडली, आणि कुत्रा खाजवायला लागला. आधी आम्ही लक्ष दिलं नाही. कुत्री खाजवतातच. पण हा खाजवायचा तो गोठ्याच्या पत्र्याच्या दाराला टेकून, त्यामुळं त्याचा मागचा पाय पत्र्यावर धाडधाड वाजायचा आणि गल्लीतल्या सगळ्यांना कळायचं की आमच्या कुत्र्याला खाज सुटलीय. पाठीवरून हात फिरवला की हाताला पांढरा कोंडा लागायचा. अंग झटकलं की काळ्या कपड्यांचं वाटोळं. शेपटीच्या बुडाशी तर केस इतके विरळ झाले की खालची कातडी दिसायला लागली.

आमच्या गावात एखाद्याला खाज सुटली की औषध सगळ्यांकडं असतं. चुलत सासरे म्हणाले, "ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फास, तीन दिसात गुण." दुधाचा टेम्पो चालवणारा भय्या म्हणाला, "भाभी, दही लगाओ, खट्टा वाला." शेजारणीनं गंधक सुचवलं. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि काहीच लावलं नाही, कारण ऑइल लावलेलं कुत्रं अंग चाटणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मग एक दिवस मामांनी जेवताना ताट बाजूला सारलं. माझी नणंद पुण्यात बाळंत झाली होती. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन ती आमच्याकडं राहायला येणार होती.

"लेक यायच्या आदी त्ये कुत्रं हितनं जाईल," मामा म्हणाले. "खरूज हाय ती. तान्ह्या लेकराला लागली म्हंजी? भांडगावला माझ्या दोस्ताचा ढाबा हाय. तिथं सोडतो. खायाला मिळंल."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. बाळाची काळजी मलाही होती, नाही असं नाही. पण भांडगावचा ढाबा म्हणजे सोलापूर हायवे. ट्रकखालून उचलून आणलेलं लेकरू परत ट्रकांमध्येच सोडायचं? या घरात बाकी सगळं आधीपासून होतं. गायी, भांडी, रीतिरिवाज, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. मी आणलेला जीव हा एवढाच होता. तो गेला असता तर या घरात मी परत पाहुणी झाले असते, असं मला अगदी खरं वाटत होतं.

मग मी पदर खोचला. मेडिकलमधून औषधी साबण आणला आणि मामा दुपारी झोपले की कुत्र्याला न्हाणीत घेऊन चोळचोळ चोळू लागले. रोज. एक दिवस चुकवला नाही. त्याला आंघोळ आवडते, डोळे मिटून उभा राहतो. गुण मात्र येईना. उलट कोंडा वाढला, खाज वाढली, पत्र्याचा ढोल दिवसभर वाजायला लागला. एक गोष्ट मला खटकायची. सकाळी पाहावं तर त्याचं अंग ओलसर, संध्याकाळी पाहावं तरी ओलसर. दव फार पडतंय यंदा, असं मी स्वतःला सांगायचे. संध्याकाळी कुठलं आलंय दव, पण माणसाला पटवून घ्यायचं असलं की पटतं.

अशात गाय गाभण आहे का हे पाहायला सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरबाई आल्या. तरुण पोरगी, गुडघ्यापर्यंत गमबूट, बोलायला फटकळ. मामांनी गाय धरली होती, नवऱ्यानं दुसऱ्या बाजूनं रेटा दिला होता, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या, मी साबण घेऊन. गाय गाभण निघाली. सगळे खुशीत असताना आमचा हिरो आला आणि थेट बाईंच्या गमबुटाला पाठ घासू लागला.

बाई खाली बसल्या. केस बाजूला करून पाहिलं, कान पाहिले, पायाची बोटं फाकवून पाहिली. गोचीड नाही, पिसू नाही. ब्लेडनं कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली. मग विचारलं, "याला आंघोळ कधी घालता?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "रोज घालते. दुपारी. औषधी साबणानं."

आत्या माझ्याकडं वळल्या. "दुपारी? अगं, म्या सकाळी धा वाजता घालते की! लिंबाचा पाला उकळून."

नवऱ्यानं घसा साफ केला. "मी पण घालतो. संध्याकाळी, रानातल्या मोटारीवर. शाम्पू मागवलाय ऑनलाइन."

"म्हणजे दिवसाला तीन?" बाईंनी बोटं वर केली.

मामा गायीच्या शेपटीकडं टक लावून पाहत होते, जणू ती त्यांना पहिल्यांदाच दिसत होती.

"चार," ते शेवटी म्हणाले. "पाटंचं पाच वाजता. गायींच्या संगं. कापडाच्या साबणानं."

"मामा!" माझ्या तोंडून निघालं.

"आता म्या काय करू? त्योच येऊन लायनीत हुबा ऱ्हातो. चार गायी झाल्या की पाचवा त्यो."

डॉक्टरबाई दुधाच्या किटलीवर बसून हसल्या, पोट धरून हसल्या. आत्या पदरात तोंड लपवून हसल्या. मला मात्र हसू नीट येईना. ज्या माणसावर मी पंधरा दिवस मनातल्या मनात दातओठ खात होते, तो माणूस माझ्याआधी उठून, कडाक्याच्या थंडीत, माझ्या कुत्र्याला घासत होता.

मी विचारलंच, "तुम्हाला तर तो घरात नकोय ना?"

"न्हाईच नको," मामा म्हणाले. "पर जायाचा आसंल तर सोच्छ जावा."

मग बाईंनी आम्हाला ओळीत उभं करून झापलं. कुत्र्याच्या कातडीला स्वतःचं तेल असतं, ते तुम्ही चौघांनी मिळून धुऊन काढलंत. त्यात हे बोअरचं जड पाणी. "तुमच्या हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो ना? तोच याच्या अंगावर बसतोय. तुमचे हात नाही का कोरडे पडत?" मी माझे हात पाहिले. लग्न झाल्यापासून मी रोज कोपरांना खोबरेल चोळतेय, या पाण्याला शिव्या देतेय, आणि तेच पाणी त्या मुक्या जिवावर ओततेय. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

सांगितलेले उपाय ऐकून आत्यांचा तर विश्वासच बसेना, इतके साधे. महिनाभर आंघोळ अजिबात बंद. पुढं महिन्यातून एकदा, कुत्र्याच्याच सौम्य शाम्पूनं, आणि फेस पूर्ण निघेपर्यंत धुवायचं. रोज मऊ ब्रश. जास्त कोरडं असेल तिथं खोबरेलाचं नुसतं बोट. आमचं तिखट कालवण बंद, भाकरीत उकडलेलं अंडं आणि चमचाभर जवसाची पूड. झोपायला टोचणारं गोणपाट नको, जुनी सुती गोधडी. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला, काचेवर कसलाही किडा सापडला नाही, खरूज नाही. मला वाटलं, आता संपलं. पण मामांनी ढाब्याची गोष्ट काही मागं घेतली नाही. रेल्वेचा माणूस, एकदा सिग्नल पडला की पडला.

आंघोळ बंद करायला सगळ्यात जास्त विरोध कुत्र्यानं केला. पाचच्या ठोक्याला तो चौथ्या गायीशेजारी जाऊन उभा राहायचा आणि मामांनी पाइप बंद केला की त्यांच्याकडं असा बघायचा, जणू त्याचं नाव यादीतून कापलंय. मामा मग कोरडा ब्रश घेऊन त्याच्यापुढं बसायचे. मी खिडकीतून बघायचे. बघतेय हे त्यांना कळू द्यायचे नाही.

तीन आठवड्यांत कोंडा गेला. पत्र्याचा ढोल थांबला. अंगावर चमक आली, नवे केस फुटले. शेपटीच्या बुडाशी एक रुपयाएवढा डाग तेवढा उघडा राहिला, आणि नणंद रविवारी येणार होती.

शनिवारी सकाळी मी दळण टाकून घरी आले तर कुत्रा नाही, मामा नाहीत, स्कूटर नाही. मामांचा फोन चार्जिंगला लावलेला. आत्यांना विचारलं तर त्या नजर चुकवत म्हणाल्या, "काय म्हायती बाई. पायाशी बसवून घिऊन गेले."

माझे हातपाय गळाले. मग राग आला आणि हातपाय परत आले. नवऱ्याची गाडी काढली आणि सुटले ती थेट भांडगाव. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकले की तोंडाला येईल ते बोलायचे, आणि त्यातलं पुष्कळसं मामांना उद्देशून होतं. ढाब्यावर पोचले तर त्यांचे मित्र तवा घासत बसलेले. "न्हाई बा, आला न्हाई," ते म्हणाले. "का गं, काय झालं?" मी तशीच गाडी वळवली. हायवेच्या कडेनं दोन्ही बाजूंना बघत बघत परत आले. प्रत्येक तपकिरी कुत्रं मला आमचंच वाटत होतं.

घरी आले तर मामा ओट्यावर चहा पीत होते आणि कुत्रा त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून झोपला होता.

"कुठं गेलतीस गं?" मामांनी विचारलं.

"इथंच," मी म्हटलं. गाडीची किल्ली पदराआड धरली.

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "दवाखान्यात गेलतो. आजारी पडून परत ड्युटीवर जायचं आसलं की रेल्वे काय मागायची? फिट सर्टिफिकिट. त्येच्याबिगर रुळाला हात लावू द्यायचे न्हाईत. म्हनलं, ह्याचं बी आणू. डॉक्टरबाई म्हनल्या, कुत्र्याला आसला कागद देत न्हाईत. म्हनलं, मग म्या बी हितनं उठत न्हाई."

मी कागद उलगडून वाचला: "सदर कुत्र्यास खरूज अथवा अन्य संसर्गजन्य त्वचारोग नाही. त्वचा कोरडी होती, सुधारणा आहे. घरात ठेवण्यास हरकत नाही." खाली सही आणि शिक्का.

रविवारी नणंदेची गाडी दारात थांबली तेव्हा मामा कागद घेऊन फाटकात उभे. ती उतरायच्या आधीच त्यांनी वाचायला सुरुवात केली. "आबा, काय लावलंय? बाळाला धरा आधी," असं म्हणून तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं. दोन्ही हात गुंतले, म्हणून मामांनी कागद दातांत धरला. कुत्र्यानं वर मान करून बाळाचा तळवा हुंगला आणि जाऊन आपल्या गोधडीवर बसला. नणंदेनं डागाबद्दल एका शब्दानंही विचारलं नाही.

तो कागद आता मामांच्या ट्रंकेत आहे, त्यांच्या रेल्वेच्या कागदांमध्ये. परवा साफसफाईला ट्रंक उघडली तेव्हा मी तो नीट पाहिला. वर एक ओळ होती, त्या दिवशी गडबडीत मी वाचलीच नव्हती. "मालकाचे नाव" असं लिहून पुढं डॉक्टरबाईंनी मामांचं नाव घातलं होतं. त्यावर एक रेघ मारलेली होती आणि शेजारी, मामांच्या त्या मोठ्या, रुळासारख्या सरळ अक्षरात, माझं नाव लिहिलेलं होतं.