बदनाम गोळी

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी प्रज्ञाच्या दिराचा फोन आला. "मॅडम, वहिनी गेल्या... हार्टचा झटका." तिचं हृदय थकलं होतं हे खरं. पण ते कशानं थकलं, हे त्यालाही ठाऊक होतं.

आष्टीच्या शाळेत आमचे वर्ग शेजारी. नवरा अपघातात गेला, तरी प्रज्ञा सासरीच राहिली होती. मागच्या वर्षी तिला चार पावलांत दम लागायला लागला, म्हणून मी तिला संभाजीनगरला घेऊन गेले. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला होता, त्याचा ताण हृदयावर येत होता. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचं नाव वाचून आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. पुरुषांच्या 'कमजोरी'ची ती गोळी! डॉक्टर हसले. "खरं तर हे औषध छातीत दुखणाऱ्यांसाठी शोधत होते. तिथं फारसं चाललं नाही. पण ज्या पुरुषांवर तपासत होते, त्यांना भलताच गुण आला. पुढं कळलं, फुप्फुसालाही लागू पडतं. मात्र मधेच बंद करू नका."

गावातल्या मेडिकलवाल्यानं गोळ्या देताना विचारलं, "मॅडम, कोणासाठी नेऊन राह्यल्या?" मागचे दोघं फिस्सकन हसले. प्रज्ञानं तिथंच उभं राहून, तिसरीच्या पोरांना सांगावं तसं, दम खात खात सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं... आणि गावभर नेलं ते फक्त गोळीचं नाव.

मग घरात सुरू झालं. "लोकं इचारू राह्यले, नवरा न्हाई तर ह्या गोळ्या कशाला? दुनियेत दुसरं औषधच न्हाई का?" दीर ओरडला. सासूनं गोळ्या चुलीत टाकल्या. माहेरी जा, म्हणून मी किती विनवलं! प्रज्ञा म्हणाली, "आता निघून गेले, तर त्यांचंच खरं होईल."

तेव्हापासून गोळ्या मी जालन्याहून आणायचे आणि शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवायचे. दिवसाच्या गोळ्या शाळेत व्हायच्या, रात्रीची राहायची. सुट्टी लागली आणि सगळ्याच राहिल्या. मी गोळ्या घेऊन तिच्या घरी गेले, तर दिरानं मला दारातूनच परत पाठवलं. आतून तिचा खोकला ऐकू येत होता.

पुण्यानुमोदनाला श्रद्धांजली वाहताना सगळे तिला सोशीक म्हणाले. मेडिकलवालाही हात जोडून बसला होता. सोशीक! भर दुकानात ताठ उभी राहून बोलणारी ती बाई यांना एवढीच कळली...

आता तिचा वर्गही माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी धडा वाचायला सांगितला. सगळा वर्ग एका सुरात वाचत होता आणि वाक्याच्या मध्येच थांबत होता. थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढं वाचायचं.

"इथं स्वल्पविराम नाही, मग का थांबता रे?" मी विचारलं.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आमच्या मॅडम असंच वाचायच्या."

मी म्हटलं, "वाचा."