आपल्यातल्या माणसाने दिलेली सुटी

अन्याय झाला तो माझ्या चुलतबहिणीवर आणि तिच्या चार सोबतिणींवर, यंदाच्या गणेशचतुर्थीच्या दुपारी, ग्वाल्हेरच्या एका सरकारी हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात. पाचही जणी पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टर. हे आधीच सांगते, कारण पुढे जो तो म्हणत राहिला, एवढं झालंच काय.

झालं ते असं. बहिणीची ड्यूटी आदल्या दिवशी सकाळी सुरू झाली ती चतुर्थीच्या सकाळी संपली. ती जयेंद्रगंजला घरी गेली, अंघोळ केली आणि आरती चालू असताना भिंतीला टेकून झोपली. काकूने उठवलं नाही. इकडे विभागप्रमुख सरांनी राउंडला तिला शोधलं. चौघींनी सांगितलं, तिची ड्यूटी संपलीय, आम्ही आहोत ना. दुपारी ती परतली तेव्हा हुकूम तयार होता: अब पाँचों वॉर्ड में ही रहो. म्हणजे विसर्जनापर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही.

कागदावर काही नाही. आमच्याकडे शिक्षा तोंडी असते, म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. सीट सोडावी म्हटलं तर बॉन्डचे लाखो रुपये भरा, आणि मूळ मार्कशीटा कॉलेजच्या कपाटात अडकलेल्या.

मी दुसऱ्या वर्षाला, दुसऱ्या विभागात. ज्युनियर डॉक्टरांच्या संघटनेची पत्रकं मीच लिहिते. तेव्हाही लिहिलं, हिंदीत, आणि फूलबागेत उभं राहून वाटलं. मागणी एकच: ड्यूटीचे तास तीन दिवसांत लिहून, सही करून भिंतीवर लावा, नाहीतर ओपीडी बंद, फक्त इमर्जन्सी चालू. तोच मजकूर नोटीस म्हणून सरांना दिला, खाली त्या पाच जणींच्या सह्या. बागेत एक आजोबा म्हणाले, डॉक्टर होके पर्चे बाँट रही हो? मी म्हटलं, सोने देंगे तो नहीं बाँटूँगी.

मग काका, म्हणजे बहिणीचे वडील, मध्ये पडले. इथली आमची मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राजाच्या दरबारात कामाला. दरबार गेला, सवय राहिली. काही अडलं की हक्क मागायचा नाही, आपल्यातला माणूस शोधायचा. सर आपल्यातलेच, नया बाजारातले. काका पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. दोघं मराठीत बोलले, कोणाची आत्या कोणाकडे दिलीय ते निघालं, आणि चहा संपेपर्यंत प्रश्न मिटला.

तिथून काका थेट हॉस्पिटलात आले. मी बहिणीचा डबा घेऊन वॉर्डाच्या जिन्यात तिच्याजवळ उभी होते. खुशीत सांगू लागले की सर मुळीच रागावलेले नाहीत, आज संध्याकाळी आरतीला घरी ये, तेवढी नोटिशीवरची सही मागे घे. मी विचारलं, बाकीच्या चौघी? त्यांचं त्यांच्या घरचे बघतील की, काका म्हणाले.

"चौघींतल्या त्या भिंडवालीचे वडील कोणाकडे जाणार, बाबा?" बहीण म्हणाली. "तिचं इथे आपलं कोण आहे?"

काकांनी समजावलं. हजेरी कमी दाखवतील, परीक्षेला बसू देणार नाहीत, वर्ष जाईल.

"तो नहीं बैठूँगी. पण सही नाही काढणार."

काका माझ्याकडे वळले. हे सगळं तुझ्या पर्च्यांनी केलं, म्हणाले. मी म्हटलं, हो.

ती परत आत गेली. मुदत संपली, ओपीडी बंद झाली, आणि त्या दिवशी पाचही जणी आपापली ड्यूटी संपल्यावर एकत्र बाहेर पडल्या आणि हॉस्टेलात जाऊन झोपल्या. बंड म्हणतात ते एवढंच. सर म्हणाले, बेटा, ज़बान देता हूँ. आम्ही म्हटलं, शिक्षाही ज़बानीच, तोंडीच होती, सर. आम्हाला कागद हवा. तो अजून मिळालेला नाही. बहिणीला परीक्षेला बसू देणार की नाही, तेही कोणी सांगत नाही. काका माझ्याशी बोलत नाहीत.

तुम्ही वाचणारे बहुतेक काकांसारखेच असाल. चांगले, मुलीच्या काळजीने धावणारे. तुमच्याही ओळखीत असे एखादे सर असतील. त्यांच्याकडे आपल्या मुलीसाठी सवलत मागू नका; ती सवलत दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीच्या झोपेतून कापली जाते. त्यांना आजच फोन करा आणि विचारा, तुमच्या विभागातल्या प्रत्येक डॉक्टरची ड्यूटी कधी सुरू होते आणि कधी संपते, हे तुमच्या सहीनिशी भिंतीवर का लागलेलं नाही. उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.