माझ्या हातचं पुरळ

आमची लेक आठ महिन्यांची होती तेव्हा बायकोला दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी अलिबागला जावं लागलं. ती ग्रामसेविका आहे. दोनदा तिनं तारीख पुढे ढकलून घेतली होती. तिसऱ्यांदा ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी महाडच्या कोर्टात कारकून. मी रजा टाकली आणि छाती पुढे काढून म्हणालो, "जा तू निर्धास्त. दहा दिवसांचं काय एवढं?" मदतीला कुडपणहून आईला बोलावून घेतलं. गुडघ्यांमुळे आईला खाली बसवत नव्हतं, म्हणून धुणं-पुसणं माझ्याकडे आणि पोरीला खेळवणं, भरवणं तिच्याकडे, असं ठरलं.

जाताना बायकोनं फ्रिजवर कागद चिकटवला होता. डायपर दर दोन-तीन तासांनी बदल, शी झाली की लगेच, दिवसा जमेल तेवढा वेळ सुती लंगोट. मी तो वाचला आणि मनात म्हणालो, ही घरातसुद्धा नोटीस लावायला लागली.

दुसऱ्याच दिवशी पोरीला जुलाब लागले. दात येत होते, त्यात एप्रिलचा घामट उकाडा. दुपारी ती डायपर घालून झोपली आणि मी मोबाईलवर मॅच लावली. मध्येच वास आला होता. खोटं कशाला बोलू, चांगला आला होता. झोपलीय तर झोपू दे, ही ओव्हर संपू दे, असं करत दोन-अडीच तास गेले. पोर उठली ती किंचाळतच. डायपर काढला तर ढुंगणापासून जांघांपर्यंत सगळं लालभडक, चटका बसल्यासारखं.

आई काठी टेकत बघायला आली. "अगो बाय माझे! आयस जवळ नाय ना, मग पोरीचा असाच होणार."

मी तिथेच उभा होतो. तो डायपर अजून माझ्या हातात होता. आणि मी काही बोललो नाही.

आईनं खोबरेल तेलात हळद कालवून लावायला दिली. मी लावली. वरून पावडर थापली. तासाभरात घामानं त्या पावडरीचे घट्ट गोळे होऊन जांघेच्या घडीत बसले. ते काढताना पोर पुन्हा कळवळली. संध्याकाळी रडणं ऐकून शेजारच्या काकू आल्या. "अंगावर पिणारं पोर टाकून दहा-दहा दिवस कशाला जायचं रे? नोकरी काय पळून जाते?" या बाईंनी माझ्या बायकोकडून दोन वेळा रहिवासी दाखल्याची कामं करून घेतली होती. तरी मी म्हणालो, "हो ना. काय करणार!"

तो "हो ना" आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसानं पोरीला पाहायला मागितलं नाही, वय विचारलं नाही. "वहिनी घरी नाहीत वाटतं?" एवढंच हसत विचारलं आणि एक ट्यूब पुढे सरकवली. "हे लावा. दोन दिवसांत साफ." लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाली खरोखर उतरली आणि मला वाटलं, सुटलो. बायकोला कळवून टाकलं, "सगळं मस्त." व्हिडिओ कॉलवर मी कॅमेरा पोरीच्या तोंडावरच धरायचो. ती म्हणायची, "किती मरगळलीय रे?" मी म्हणायचो, "उकाडा आहे."

त्याच्या पुढच्या सकाळी पुरळ दुप्पट होऊन परत आलं. आता घडीत कातडी सोललेली आणि भोवती मांड्यांवर लाल ठिपके पसरलेले. नुसतं कोमट पाणी लागलं तरी पोर अंगाची कमान करायची आणि श्वास धरायची. तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलायच्या आत आईनं घेतला.

"पोरीची सालटा निघाली हायत गो," आई म्हणाली. "तूच ते कागदाचे लंगोट घालून सवय लावलीस नि गेलीस निघून."

बायको प्रशिक्षणाच्या हॉलबाहेर उभी होती. मागून माणसं येत-जात होती. "दाखव," ती मला म्हणाली. मी दाखवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी येते. सांगते इथे, आजच्या एसटीनं निघते."

"येच," आई म्हणाली.

तेव्हा माझा भडका उडाला. "ती का येईल?" मी आईवर ओरडलो. "तिचा काय संबंध? मी केलंय हे! शी झालेली कळली होती मला. मॅच बघत बसलो होतो मी!"

आई दचकून मागे सरली. "माझ्यावर कशाला वराडतोस रे? मला काय ठाव? तू सांगितलास का?"

तिचं बरोबर होतं. सांगितलं नव्हतंच. ओरडायला तीच समोर होती म्हणून तिच्यावर ओरडलो, एवढंच. फोन चालूच होता. बायकोनं सगळं ऐकलं.

"कधीपासून आहे हे?" तिनं विचारलं.

"चौथा दिवस."

"चार दिवस," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी पोरीला उचलून बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पुरळ पाहिलं, ट्यूब पाहिली आणि ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली. "हे मोठ्यांच्या गजकर्णाचं मलम आहे. यात स्टेरॉइड असतं. वरची लाली दबते, आत बुरशी वाढत जाते." मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "घरी बाळाचं कोण करतं?"

"सध्या मी."

"मग नीट ऐका," त्या म्हणाल्या आणि सगळं मलाच सांगितलं. बाळाची आई कुठे गेली, हे न विचारणारं त्या चार दिवसांतलं ते पहिलं माणूस.

घरी येऊन हळद, पावडर, वासाचे वाइप्स सगळं काढून टाकलं. डायपर बंद. आईनं न बोलता स्वतःचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून दिलं. शी झाली की तांब्यानं कोमट पाणी नुसतं ओतायचं, चोळायचं नाही. लुगड्याच्या तुकड्यानं टिपायचं. मग वाऱ्यावर पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. बुरशीचं मलम पातळ, दिवसातून दोनदा. ते जिरलं की झिंकचं मलम जाड, लिंपल्यासारखं. पुढच्या वेळी ते खरवडून काढायचं नाही, मळलेलं तेवढं टिपून वरून पुन्हा लावायचं. बाकी वेळ पोर गॅलरीत सावलीला गोधडीवर उघडी. दिवसाला अकरा-बारा दुपटी भिजवायची. मी धुवायचो, वाळत घालायचो. रागानं पिळायचो, इतका की एकाची शिवण उसवली.

बायको आली नाही. पुरळाचा फोटो आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मी पाठवली होती. तिनं प्रशिक्षण पुरं करायचं ठरवलं. सकाळ-संध्याकाळ मी फोटो पाठवायचो. उत्तर यायचं, "पाहिलं." बस.

तिसऱ्या दिवशी ठिपके सुकायला लागले. ती परतली तेव्हा जागा थोडी गुलाबी होती, कातडी भरून आली होती. तिनं पोरीला उलटंसुलटं करून पाहिलं, पाजलं, निजवलं. मग जेवायला बसल्यावर म्हणाली, "जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यालासुद्धा पटत नाही गं तुझं जाणं."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"पुरळ पोरांना उठतं," ती म्हणाली. "माझ्या हातूनही उठलं असतं. पण तुझ्यावर ढकलून मी गप्प बसले नसते."

मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला तिचा राग आला नाही. काकूंचा आला, त्या मेडिकलवाल्याचा आला. सगळ्यात जास्त माझा आला आणि त्याला कुठे वाट नव्हती.

आता लेक तीन वर्षांची आहे. आई गावाकडे चार बायका जमल्या की अजून सांगते, "सून टरेनिंगला गेली नि पोरीचा काय हाल झाला होता!" मी तिथे असलो तर मधेच तोडतो. "आई, ती गेली म्हणून नाय झालं. मी बदललं नाय म्हणून झालं." मागच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "नवरा असावा तर असा. बायकोवर काय येऊ देत नाय." मी ओरडून सांगितलं की मी खरं तेच बोलतोय. त्या आणखीच हसल्या. बायको बाजूला पोरीला भात भरवत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.