जिभेकडची बाजू

ज्या प्राण्याचे तोंड आपण कधी पाहिलेले नाही, त्याच्या सुट्या दाताची ओठाकडची बाजू कोणती, हे कसे ठरवावे? प्रस्तुत लेखकाला याचे उत्तर देता आले नाही. चामराजपेटच्या पुष्पावतींना ते चटकन आले, आणि चुकले.

पुष्पावतींचा सारा जन्म दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवण्यात गेला. दात नुसता चाचपून तो उजवा की डावा, हे त्या सांगत. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्यांची भाची रूपश्री सर्जापूर रोडवरच्या आपल्या शाळेतून थेट त्यांच्याकडे आली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तिच्या नवऱ्याला सापडलेले शार्कचे अश्मीभूत दात शाळेच्या कपाटात मांडायचे होते. बारके दात शार्कच्या दातांच्या छापील तक्त्यावरून ओळखू आले होते. अडला होता एकच, अंगठ्याएवढा, काळाभोर, करवतीच्या कडांचा. आजच्या समुद्रातल्या ग्रेट व्हाइट शार्कचा, की लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मेगालोडॉनचा? नावाचे कार्ड सोमवारी छापायला जाणार होते, आणि ते आता मावशीच्या शब्दावर ठरणार होते.

तक्ता सांगत होता: मेगालोडॉनच्या दाताला जिभेकडच्या बाजूने, मुळाच्या वर, गडद पट्टा असतो. पुष्पावतींनी डोळ्याला भिंग लावले. पट्टा होता, पण फुगीर बाजूला. माणसाच्या पुढच्या दाताची फुगीर बाजू ओठाकडे असते. म्हणजे हा पट्टा ओठाकडचा, तक्त्यातला नव्हेच; ही नुसती हिरडीची खूण, झाले. त्यांनी ठामपणे ग्रेट व्हाइट सांगितले.

रविवारी त्या सिटी मार्केटजवळ यल्लव्वाच्या गाळ्यावर मासळी घ्यायला गेल्या. टोपलीत एक मुशी, म्हणजे छोटा शार्क, तोंड वासून पडली होती. पुष्पावतींचा हात आपसूक पिशवीतल्या भिंगाकडे गेला. तोंड जरा उघडून धर, असे त्यांनी सांगताच यल्लव्वा हसू लागली.

“काय अक्का, आता माशांनाही कवळी बसवणार?”

“स्वल्प गप्प बस ग. आणखी उघड.”

इवल्याशा दातांची फुगीर बाजू आत होती. जिभेकडे. ओठाकडची सपाट. पुष्पावतींनी दुसरा जबडा पाहिला, बोटाने चाचपला, पुन्हा पाहिला, तिथेही तेच. मागे गिऱ्हाईक खोळंबले होते, यल्लव्वा मासा कापू का म्हणून विचारत होती, आणि त्या मासळीच्या पाण्याने माखलेल्या बोटांनी फोन लावत होत्या.

“रूपा, कार्ड थांबव. मी दात उलटा धरला होता. माणसाचा समजून.”

पलीकडून रूपश्रीने हलकेच विचारले, “म्हणजे मेगालोडॉन?”

“तोच. त्याची फुगीर बाजू लोकांकडे करून ठेव. पट्टा दिसू दे सगळ्यांना.”

मुशी गाळ्यावरच विसरली. यल्लव्वाने ती संध्याकाळी घरी पोचवली, वर एक टोमणाही.

२०२३ साली शाळेने कपाट नव्या इमारतीत हलवले. तो दात आजही तिथे आहे, जिभेकडची बाजू पाहणाऱ्याकडे करून.