मी ती खुर्ची का ओढली?

मंडळी, आज दुपारपासून मी घाबरलेय. म्हणून इथं लिहितेय.

मी कॅन्सरची डॉक्टर, श्रीरामपूरला ओपीडी घेते. वाईट रिपोर्ट सांगायचा असला की मी टेबलामागून खुर्ची ओढून पेशंटजवळ जाऊन बसते आणि त्यांचा हात हातात घेते. जुन्या पेशंटना हे पक्कं ठाऊक आहे.

आज राहात्याच्या एक मावशी ऑपरेशननंतरच्या तपासणीला आल्या. मी खुर्ची ओढली, त्यांचा हात धरला. मावशी पांढऱ्याफटक पडल्या. त्यांचे यजमान हळूच म्हणाले, "म्याडम, परत आलं व्हय? आता किती दिस?"

मी दचकले. रिपोर्ट तर साफ होता! दोनच मिनिटांपूर्वी मी स्वतः वाचला होता.

रिपोर्ट साफ आहे असं सांगून मी माफी मागितली. दोघं रडता रडता हसले आणि गेले.

त्यांच्याआधी सकाळपासून तिघांजवळ मी अशीच बसले होते, खरोखरच वाईट सांगायला. आता कितीही आठवलं तरी त्यातला एकही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, तुमचं कधी असं झालंय का? उद्या त्या तिघांपैकी कुणी समोर येऊन बसलं, तर मी ओळखेन ना?