सातियाने वाढवलेली वीज

दोन वाजता कारखान्याचे इंजिनियर येणार होते आणि माझ्या यशाचा ग्राफ सकाळीच छापून तयार होता. तुलनेसाठी फक्त जुन्या नमुन्याचं रीडिंग पुन्हा घ्यायचं राहिलं होतं. आमच्या टेक्निशियननी तो बसवून दिला आणि मी रीडिंग घेतलं. जुना नमुनाही नव्याइतकीच वीज देत होता!

जरा समजावून सांगते. देवासच्या आमच्या लॅबमध्ये थर्मोइलेक्ट्रिक मटेरियलवर काम चालतं. त्याची एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली की वीज मिळते. धारजवळच्या एका कारखान्याला भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून ती हवी होती. पण तीन वर्षं झाली तरी माझं मटेरियल हवी त्याच्या निम्मीच वीज द्यायचं. "अनघा, दिवाळीपर्यंत जमव, नाहीतर प्रोजेक्ट बंद," लॅबप्रमुख देशपांडे सरांनी सांगून टाकलं होतं. मग मी मटेरियल भाजायची एक नवी, भारी किचकट पद्धत काढली. दसऱ्यानंतर टेक्निशियननी नवा नमुना बसवला आणि वीज दुप्पट! मी सरांना सांगितलं, सरांनी कारखान्याला. घरी मी श्रीखंडसुद्धा केलं.

आता मी नमुना दाबून धरणारा क्लॅम्प उघडला. नमुन्याखालच्या गार प्लेटवर शेंदरी, चिकट थर होता. वास घेतला. तूप!

"रमेशजी!" मी आमच्या टेक्निशियनना हाक मारली. "हे काय?"

"सातिया है, मॅडम. दसरे पे सब मशीन की पूजा करी. ये प्लेट आपने खोल के टेबल पे रखी थी, तो इसपे भी घी-सिंदूर से मांड दिया."

सातिया म्हणजे स्वस्तिक. "मग नमुना बसवताना पुसलं का नाही?"

"पूजा का सातिया कोई पोंछता है क्या?"

दोन पृष्ठभाग कितीही घासले तरी मध्ये हवा उरते आणि ती उष्णता अडवते. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. मी मात्र नियमच करून ती बंद केली होती. आरशासारखं घासलंय, पेस्ट कशाला, असा माझा तोरा. तुपाने ती हवा हुसकून लावली. मटेरियल पहिल्यापासून चांगलंच होतं.

सरांकडे गेले.

"म्हणजे नवी पद्धत?"

"गरज नव्हती, सर."

"आणि तीन वर्षं?"

"पेस्ट न लावण्याच्या माझ्या हट्टात गेली, सर."

"इंजिनियरांना तूच सांग," सर म्हणाले.

रमेशजींची परवानगी काढून प्लेट पुसली आणि रीतसर पेस्ट लावली. वीज तुपापेक्षा किंचित जास्तच आली. इंजिनियर आल्यावर सगळं सांगून टाकलं.

ते खो-खो हसले. "मतलब पुरानी, आसान वाली से काम हो जाएगा? बढ़िया! नई वाली तो हमारे यहाँ किसी से बनती ही नहीं." मग रमेशजींच्या पाठीवर थाप. "वाह भिया!" आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात.

प्रोजेक्ट वाचला. रिपोर्टमध्ये सरांनी रमेशजींचं नाव माझ्या आधी घातलं. मला ते पटलं, पण दोन दिवसांनी. तेव्हापासून मटेरियलला नावं ठेवण्याआधी मी माझेच नियम तपासते. तिथेच जास्त दोष सापडतात.