दोरीच्या खालून

मी निघाले तेव्हा आईने विमानतळाच्या दारातच माझ्या बॅगेत भाजणीचं पुडकं कोंबलं आणि म्हणाली, "वाटेल तेव्हा ये गं." मी पोटभर रडून घेतलं. जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडी सुरू झाल्यावर म्युनिकच्या मराठी मंडळात गेले, तर तिथेही सगळे रडतच होते. सॉफ्टवेअरवाले जोगळेकरकाका दर गणपतीत माइक धरून सांगायचे, आपण सारे वनवासी. स्वतःचं घर, बाग, दोन गाड्या, डिसेंबरात पुण्याची फेरी. कसला डोंबलाचा वनवास!

वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, माझ्या शेजारच्या खोलीत सलमा राहायची. पॅलेस्टाइनची, नाब्लुसकडच्या एका खेड्यातली. इथे कला शिकत होती. तिची आई तिकडे अंथरुणाला खिळलेली. सलमा गेलीही असती, पण मग पुन्हा बाहेर पडू देतील की नाही, ते चौकीवरच्या इस्रायली सैनिकाच्या मर्जीवर. म्हणून आईच फोनवर बजावायची, "येऊ नकोस. तिथेच राहा." हे तिने मला स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सांगितलं.

तिच्या प्रदर्शनाला मी मंडळातल्या चारपाच जणांना मोठ्या हौसेने नेलं. एका दालनात तिने नुसती दोरी बांधली होती. तिच्या घरापासून मावशीच्या घरापर्यंतचा रस्ता. पूर्वी तो सरळ होता. आता इस्रायलने मधे उभारलेली भिंत आणि चौक्यांमुळे लांबून जावं लागतं, म्हणून दोरी अख्ख्या दालनाला वळसे घालत होती. शेवटाला टेबलावर झातर मसाला लावलेल्या रोट्या. दारातून बघावं तर टेबल समोरच.

जर्मन मंडळी वाइन सांभाळत शिस्तीत दोरीच्या कडेने फिरली, गेनाऊ गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, करत माना डोलावल्या. एक बाई सलमालाच आपली जेरुसलेमची सहल रंगवून सांगू लागल्या. सलमाला तिथे जायचा परवाना कधी मिळाला नव्हता.

आणि आमचे जोगळेकर? समोर तर आहे, म्हणत दोरी उचलून खालून गेले. मागोमाग बाकीचे. रोटी चावत तिला म्हणाले, आपलं दुःख सेमच, वुई आर ऑल्सो इन एक्झाइल. मला त्यांची किळस आली.

सलमा शांतपणे म्हणाली, "तुम्ही लवकर पोचलात. मावशी अजून आमची वाट बघतेय."

काका हसले आणि आणखी एक रोटी घेतली.

त्या हिवाळ्यात तिची आई गेली. सलमाने दफनाच्या वेळची प्रार्थना फोनवर ऐकली, मी शेजारी बसून होते. त्याच आठवड्यात जोगळेकरांनी पुण्याचं तिकीट रद्द केलं. एवढ्या प्रवासाचा कंटाळा येतो म्हणे. मी त्यांच्या पुण्यातल्या आईबद्दल विचारलं, तर म्हणाले, "आई काय, उन्हाळ्यात भेटेलच."

भारतातले तुम्ही अजून विचारता, घराची आठवण येते का. येते, खूप येते. पण वनवास हा शब्द माझ्यासमोर काढू नका. ज्याला घरी जायचा कंटाळा करता येतो, त्याचं घर शाबूत आहे.